शेवटच्या थांब्यावर दरवेळी हुडहुडी भरते? सूट बदलण्याआधी हे तपासा

थंड पाण्यात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना वर येताना ठरावीक खोलीवर थांबावं लागतं, म्हणजे अंगात साठलेला नायट्रोजन हळूहळू निघून जातो. किती थांबायचं ते मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर सांगतो. या थांब्यांबद्दलची तक्रार बहुतेक वेळा अशाच शब्दांत येते: "खाली असताना काहीच वाटलं नाही. वर येताना सहा मीटरच्या थांब्यावर हुडहुडी भरली. कॉम्प्युटरने सांगितलेला सगळा वेळ थांबलो, एक मिनिट चोरलं नाही. तरी वर आल्यावर खांदा ठणकतोय." कुणाचा खांदा, कुणाच्या पोटावर निळसर-लाल जाळी, कुणाला नुसतंच दिवसभर गळून गेल्यासारखं. उबदार पाण्यात तीच खोली, तोच वेळ, तोच कॉम्प्युटर असताना यातलं काही होत नाही. पाणी थंड झालं की दर तिसऱ्या-चौथ्या डायव्हला होतं.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे जाड सूट घ्या. कधी कधी तो बरोबरही असतो. पण बऱ्याचदा दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार होतो. मी स्वतः दोन हिवाळे हेच केलं. ड्रायसूटच्या (पाणी आत न येऊ देणाऱ्या सूटच्या) आतला थर जाड केला, मग त्याहून जाड केला, मग विजेवर तापणारं जॅकेट घेतलं, आणि जॅकेट आल्यावर प्रकरण सुधारण्याऐवजी बिघडलं. का बिघडलं ते पुढे सांगतो, कारण या सगळ्या लेखाचं मूळ तिथेच आहे.

आत्ता काही दुखत असेल तर

पुढचं नंतर वाचा. थंडीने आलेला बधिरपणा आणि बेंड्सचा (अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या डायव्हरांच्या आजाराचा) बधिरपणा सुरुवातीला सारखाच वाटतो, आणि माणूस नेहमी सोयीचं निदान करतो. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. थंडीचा बधिरपणा बहुधा दोन्ही हातांना, सगळ्या बोटांच्या टोकांना असतो आणि कोरडे कपडे घालून अर्धा तास बसलं की चरचरत, झोंबत उतरतो. बधिरपणा एकाच बाजूला असेल, एका खांद्यात किंवा कोपरात खोलवर ठणका असेल, अंग गरम झालं तरी तो हटत नसेल किंवा तासाभराने नव्यानेच सुरू झाला असेल, तर तो बेंड्स नाही हे डॉक्टरने सिद्ध करेपर्यंत बेंड्सच समजा.

कातडीचंही तसंच. गारठलेल्या हातापायांवर उमटलेली जाळी ऊब मिळाली की विरते. पोट, छाती, खांदे, मांड्यांवर आलेले संगमरवरासारखे डाग, तेही खाजणारे किंवा दाबल्यावर दुखणारे, हे वेगळं प्रकरण. ड्रायसूट अंगाला आवळल्याचे वळही पडतात. ते घडीच्या रेषेत असतात आणि सूटच्या सुरकुतीशी जुळतात, त्यामुळे ओळखायला सोपे.

शंका आली तर आडवं व्हा, शुद्ध ऑक्सिजन लावा, आपत्कालीन सेवेला आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरला फोन करा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची मदतवाहिनी याच कामासाठी चालते. ऑक्सिजन लावल्यावर बरं वाटलं म्हणून डॉक्टरकडे जाणं रद्द करायचं नाही. आणि पुन्हा पाण्यात उतरून "दाबून काढू" हा विचार डोक्यातून काढून टाका. आधीच गारठलेल्या, पाणी कमी झालेल्या शरीराला पुन्हा थंड पाण्यात नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कॉम्प्युटरचा हिशेब कुठे चुकतो

पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट जास्त सहजपणे उष्णता वाहून नेतं. त्यावर शरीराचा पहिला बचाव म्हणजे कातडीतल्या आणि हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळून घेणं. गरम रक्त छाती-पोटाकडे राखलं जातं आणि बाकीच्या अंगाला तुटपुंजा पुरवठा उरतो. जीव वाचवायला हे उत्तम. नायट्रोजन बाहेर काढायला वाईट.

नायट्रोजन ऊतकांत शिरतो तो रक्ताबरोबर, आणि परत फुफ्फुसांपर्यंत येतो तोही रक्ताबरोबरच. खाली असताना तुम्ही पाय मारत असता, काहीतरी ओढत-ढकलत असता, अंग गरम असतं, रक्त जोरात फिरत असतं. म्हणजे टाकी मोठ्या नळाने भरते. वर थांब्यावर तुम्ही दोरीला लटकून घड्याळ बघत असता, अंग निवत जातं, रक्तवाहिन्या आवळतात. तीच टाकी आता थेंबथेंब गळणाऱ्या नळाने रिकामी करायची असते, आणि वेळ मात्र मोठा नळ गृहीत धरूनच ठरलेला असतो.

कॉम्प्युटरला हे का कळत नाही? ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये बकऱ्यांवरच्या प्रयोगांवरून पहिले वापरण्याजोगे तक्ते बांधले, तेव्हापासून शरीराचे काल्पनिक कप्पे पाडून प्रत्येकाला एक अर्धकाळ (कप्पा निम्मा भरायला किंवा रिकामा व्हायला लागणारा वेळ) द्यायचा, हीच पद्धत चालत आली आहे. झुरिकचा डॉक्टर ब्यूलमान याच्या ज्या मॉडेलवर आजचे असंख्य कॉम्प्युटर चालतात, त्यात असे १६ कप्पे आहेत. सर्वांत जलदचा अर्धकाळ चार-पाच मिनिटं, सर्वांत संथचा ६३५ मिनिटं. अर्धकाळ हा आकडा म्हणजे दुसऱ्या शब्दांत रक्तपुरवठ्याचा आकडाच. तो डायव्हच्या सुरुवातीला जितका, तितकाच शेवटी, असं बहुतेक कॉम्प्युटर धरून चालतात. पडद्यावर पाण्याचं तापमान दिसतं म्हणून ते हिशेबात धरलं जातं असा समज करून घेऊ नका. काही कॉम्प्युटर ते धरतातही, पण त्यांना दिसतं ते पाणी. तुमच्या सूटच्या आत काय चाललं आहे ते त्यांना कसं दिसणार? ४ अंशांच्या पाण्यात तापणारं जॅकेट घालून सुखात असलेला माणूस आणि १४ अंशांच्या पाण्यात मनगटातून गळती लागून कुडकुडणारा माणूस यांत जास्त धोक्यात कोण आहे, हे मनगटावरच्या यंत्राला सांगता येत नाही.

तो प्रयोग

याचा सगळ्यात बोलका पुरावा अमेरिकन नौदलाचा आहे. फ्लोरिडातल्या पनामा सिटीमध्ये त्यांचं डायव्हिंगचं प्रायोगिक केंद्र आहे आणि तिथे समुद्राची खोली दाबाने निर्माण करता येईल असा पाण्याचा कक्ष आहे. त्यांनी स्वयंसेवक डायव्हर १२० फुटांवर, म्हणजे साधारण ३७ मीटरवर नेले. तळाशी व्यायाम करायला लावला, वर येताना स्वस्थ ठेवलं. डीकॉम्प्रेशन, म्हणजे थांबत थांबत वर येणं, सगळ्यांना सारखंच, ८७ मिनिटं. बदललं ते पाण्याचं तापमान आणि तळाचा वेळ. तापमानं दोनच: "उबदार" म्हणजे ३६ अंश, "थंड" म्हणजे २७ अंश. अहवाल २००७ मध्ये आला.

तळाशी उबदार आणि वर येताना थंड असलेल्यांना फक्त ३० मिनिटं तळाशी ठेवलं होतं. ३२ डायव्हपैकी ७ मध्ये बेंड्स झाले, म्हणजे जवळजवळ २२ टक्के. उलट क्रम, तळाशी थंड आणि वर येताना उबदार, अशा डायव्हमध्ये तळाचा वेळ ७० मिनिटांपर्यंत वाढवत नेला, तरी प्रमाण १.३ टक्क्यांवर राहिलं. दुपटीहून जास्त वेळ तळाशी काढला आणि धोका कुठल्या कुठे खाली आला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे उलटे छापले गेलेत असं वाटलं होतं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: त्यांचं "थंड" पाणी २७ अंशांचं होतं. आपण ज्याला पोहण्यासारखं पाणी म्हणतो, ते. अर्थात ते लोक इन्सुलेशनशिवाय तासन्‌तास पाण्यात होते, त्यामुळे हे आकडे ड्रायसूटमधल्या डायव्हला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे.

इथे लोक हमखास घसरतात: "म्हणजे खाली मुद्दाम गारठून राहायचं का?" नाही. गारठलेला माणूस तळाशी चुका करतो. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की सफाई जाते, क्लिप उघडत नाही, व्हॉल्व्ह सापडत नाही. हुडहुडी भरली की शरीर विश्रांतीच्या चार-पाच पटीपर्यंत ऊर्जा जाळू लागतं, तेवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि टाकीतली हवा भराभर संपते. खाली ठीकठाक असावं, घाम फुटेल इतकं गरम नसावं. आणि वर येताना खालच्यापेक्षा थंडी वाजू नये. एवढंच जमवायचं आहे. म्हणजे प्रश्न किती ऊब यापेक्षा केव्हा ऊब हा आहे.

आता तपासणी: गारठा नेमका कधी आणि कुठे सुरू होतो

याचं उत्तर नसेल तर कुठलीही खरेदी करू नका. पुढच्या तीन डायव्हमध्ये फक्त एवढंच टिपा: थंडी पहिल्यांदा कितव्या मिनिटाला जाणवली, कुठल्या खोलीवर, आणि अंगाच्या कुठल्या भागात.

उतरल्यापासूनच सगळं अंग थंड असेल, तर मात्र जाड सूटवाले बरोबर आहेत. वेटसूट (निओप्रीन या फेसाळ रबराचा, आत थोडं पाणी शिरू देणारा सूट) असेल तर खोलीचाही हिशेब करा. निओप्रीनची ऊब त्यातल्या वायूच्या बारीक फुग्यांत असते. ३० मीटरवर दाब चौपट होतो, फुगे चेपतात, आणि किनाऱ्यावर जाडजूड वाटणारा सूट तिथे बारीक होऊन बसतो. वर येताना तो पुन्हा फुलतो हे खरं, पण तोवर अंगाने घालवलेली उष्णता काही तो परत देत नाही. शेकडो डायव्ह झालेला सूट तर वर येऊनही नीट फुलत नाही. जुन्या सूटचे खांदे आणि गुडघे दोन बोटांत धरून दाबून पाहा, नव्याशी तुलना केली की लगेच कळतं. हूड घालायचा कंटाळा करणाऱ्यांनीही इथेच थांबावं. डोक्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या हातापायांसारख्या आवळत नाहीत, त्यामुळे तिथली गळती शरीर स्वतःहून बंद करत नाही.

एकाच जागी थंडी असेल तर बहुतेक वेळा गळती. एक मनगट, मानेची मागची बाजू, झिपच्या टोकाजवळचा खांदा. सूट उलटा करून, मनगटं आणि मान बंद करून हवा भरा आणि सीलवर (मान-मनगटाच्या घट्ट रबरी पट्ट्यांवर), झिपवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे जागा दाखवतात. मनगटाचा प्रकार फसवा असतो. सील अगदी धड असतं, पण मूठ आवळली की मनगटाच्या आतल्या बाजूला दोन कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) उठून दिसतात आणि त्यांच्यामध्ये पन्हळ तयार होते. थांब्यावर दोरी घट्ट धरून ठेवली की त्या पन्हळीतून पाणी आत शिरतं. माझी डावी बाही सहा महिने अशीच भिजत होती आणि मी सील बदलत बसलो होतो. दोरी धरायचं सोडून तिच्या शेजारी नुसतं तरंगायला लागलो, आणि बाही कोरडी.

कोरडे हातमोजे वापरत असाल आणि सूटमधली हवा मोज्यात जावी म्हणून सीलखाली नळी घालत असाल, तर मोज्याला पडलेलं बारीकसं भोक म्हणजे थेट सूटला पडलेलं भोक, हे विसरू नका.

आणि तिसरा प्रकार, ज्यासाठी हा लेख आहे: खाली छान, थांब्यावर गारठा. त्याची कारणं अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा निघालेलं कारण पाण्यात उतरण्याआधीचंच असतं: घाम. जाड थर आणि ड्रायसूट चढवून, टाक्या पाठीवर घेऊन वीस मिनिटं उभं राहायचं, दुसऱ्याचं काहीतरी अडलं म्हणून आणखी दहा. आतला थर पाण्यात जाण्याआधीच ओला. खाली हालचाल असते तोवर कळत नाही. थांब्यावर हालचाल थांबली की तोच ओला थर पाठीला चिकटतो. अशा वेळी आणखी जाड थर घेतला तर आणखी घाम, म्हणजे आणखी गारठा. सुती बनियन आत घालणाऱ्यांचं तर विचारूच नका. कातडीला लागून लोकर किंवा पाणी धरून न ठेवणारं सिंथेटिक कापड, आणि झिप सगळ्यात शेवटी. एवढ्याने निम्म्या लोकांची तक्रार मिटावी असा माझा अंदाज आहे.

दुसरं कारण म्हणजे सूटमधली हवा. वर येताना ती प्रसरण पावते, म्हणून आपण सोडत जातो, आणि तरंगण्याच्या भीतीने जरा जास्तच सोडतो. टाक्या रिकाम्या होऊन हलक्या झालेल्या असतात, वजन बेताचं घेतलेलं असतं, मग सहा मीटरवर टिकून राहण्यासाठी सूट पिळून काढावा लागतो. आतला थर चेपला की त्याची ऊब गेली. इथे इलाज सूटचा नाही, वजनाचा आहे: टाक्या जवळजवळ रिकाम्या असताना, सूटमध्ये ऊब राहील इतकी हवा ठेवून शेवटच्या थांब्यावर स्थिर राहता येतं का, हे उथळ पाण्यात तपासा. एक-दोन किलो वाढवावे लागतील. कमी वजनात डायव्ह करण्याची फुशारकी थंड पाण्यात महाग पडते. पाय आधी गारठत असतील तर थांब्यावर उभे राहता का तेही बघा. उभ्या माणसाची हवा सगळी खांद्यांत जाते आणि पाय आवळले जातात.

सूट कशाने फुगवता तेही बघा. आर्गॉन हवेपेक्षा कमी उष्णता वाहून नेतो, पण त्यासाठी वेगळी बाटली बाळगण्याआधी घाम आणि वजन सुधारा. हेलियम असलेलं मिश्रण श्वासासाठी घेत असाल तर त्याच टाकीतून सूट फुगवू नका. हेलियम हवेच्या साधारण सहापट उष्णता वाहून नेतो, त्याने भरलेल्या सूटमध्ये ऊब फार कमी टिकते.

कधी दोष तुमच्या सूटचा नसून जागेचा असतो. उन्हाळ्यात तलावाचा वरचा थर उबदार असतो, थांब्यावर आपोआप ऊब मिळते, सगळं सुरळीत. हिवाळ्यात बर्फाखाली चित्र उलटं होतं. गोड्या पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते, म्हणून ते तळाशी बसतं आणि बर्फाला लागून असलेलं पाणी शून्याच्या आसपास असतं. नेमका तुमचा सर्वांत लांब थांबा सर्वांत थंड थरात येतो. उन्हाळ्यात जो आराखडा चालला तो जानेवारीत तसाच वापरायचा नाही, इतकं तरी यावरून ठरवता येईल. आणि १० अंशांखाली रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारं यंत्र) थंड पाण्यासाठी प्रमाणित असलेलाच हवा, हे वेगळं सांगायला नको. थांब्यावर गोठून हवा सोडत सुटलेला रेग्युलेटर तुम्हाला थांबा अर्धवट सोडायला लावतो.

तापणाऱ्या जॅकेटचं प्रकरण

आता माझं जॅकेट. ते आलं आणि लागलीच चालू करून मी ३८ मीटरवर राजासारखा फिरलो. पाणी ५ अंश. पाठीवर ऊन पडल्यासारखं वाटत होतं. वर निघालो, २१ मीटर, १२ मीटर, सगळं मजेत. सहा मीटरवर बावीस मिनिटं थांबायचं होतं. तिसऱ्या मिनिटाला पाठीवरचं ऊन गेलं. बॅटरी संपली.

पहिली पाच मिनिटं तर ते इतकं वाईट वाटलंही नाही. मग पोटऱ्या, मग दात. दातांत धरलेला माउथपीस कटकट वाजत होता, ते मला स्वतःला ऐकू येत होतं. चौदाव्या मिनिटाला जोडीदाराने पाटीवर "ठीक?" लिहिलं आणि मला पेन्सिल धरता आली नाही, अंगठा आणि तर्जनी जुळतच नव्हती. वेळ पूर्ण केला. तासाभराने उजव्या खांद्यात ठणका आणि पोटावर ती जाळी. ऑक्सिजन, रुग्णालय, दाबाच्या कक्षात उपचार. डॉक्टरांनी कॉम्प्युटरमधला आलेख पाहिला आणि म्हणाले, यात तर काहीच चूक नाही. मग विचारलं, "जॅकेट कधी चालू केलंत?"

नौदलाने कक्षात जो वाईट क्रम मुद्दाम जुळवला होता, तोच मी पैसे मोजून जुळवला होता. तळाशी उबदार, वर येताना थंड.

तेव्हापासून जॅकेट तळाशी बंद किंवा सर्वांत कमीवर असतं. तळ सोडण्याच्या थोडं आधी चालू करतो आणि थांबे संपेपर्यंत ठेवतो. बॅटरी थंड पाण्यात डब्यावर लिहिलेल्यापेक्षा कमी टिकते, म्हणून थांब्याच्या वेळेच्या दीडपट पुरेल इतकी घेतो. जोडणीच्या पिना दर डायव्हनंतर गोड्या पाण्याने धुऊन पुसतो, त्यांवर हिरवट थर चढला की अधूनमधून वीज तुटते. आणि मुख्य म्हणजे, जॅकेट बंदच पडलं तरी थांबे पूर्ण करता येतील असाच आतला थर घालतो. जॅकेटच्या भरवशावर थर पातळ करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांच्याबरोबर डायव्ह करत नाही.

आराखड्यात काय बदलायचं

अमेरिकन नौदलाच्या पुस्तिकेतला नियम साधा आहे: डायव्हर फार गारठला असेल किंवा कष्टाचं काम केलं असेल तर तळाच्या वेळेची पुढची पायरी धरून तक्ता वापरा. कॉम्प्युटरवर याला समांतर उपाय म्हणजे ग्रेडियंट फॅक्टर (कॉम्प्युटरने किती सावध राहायचं तो आकडा; जितका कमी, तितकं थांबणं जास्त) उतरवणं, वरचा आकडा ८५ असेल तर ७५ किंवा ७०.

पण यात एक गोम आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आकडा उतरवला की शेवटचा थांबा लांबतो, म्हणजे थंड पाण्यात लटकण्याचा वेळ वाढतो, म्हणजे आणखी गारठा. तेराव्या मिनिटाला दात वाजू लागणाऱ्याला आणखी बारा मिनिटं देऊन किती नायट्रोजन निघणार? ज्याला थांब्यावर ऊब टिकवता येते त्याने आकडा उतरवावा. ज्याला येत नाही त्याने तळाचा वेळ कापावा. माझं स्पष्ट मत असं, की थंड पाण्यात सर्वांत स्वस्त सुरक्षितता दहा मिनिटं लवकर वर निघण्यात आहे, आणि ती विकत घ्यायला कुणी तयार नसतं. नायट्रॉक्स (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेलं मिश्रण) घेऊन कॉम्प्युटर मात्र हवेवर ठेवणं हाही चांगला मार्ग आहे, फक्त त्या मिश्रणाची कमाल खोली पाळा. सहा मीटरवर शुद्ध ऑक्सिजन वापरणं प्रशिक्षण घेतलेल्यांनाच.

थांब्यावर पूर्ण निश्चल लटकू नका. पायाची बोटं, घोटे, मुठी हलकेच हलवत राहा, रक्त फिरतं. हलकेच म्हणजे हलकेच, दोरीवर कसरत नको.

पाणी पिण्याचं एक राहिलं. पाण्यात बुडालं की दाबामुळे हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, थंडीने आणखी सरकतं, शरीराला वाटतं द्रव जास्त झालाय आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. म्हणून थंड पाण्यात सारखी लघवी लागते. ती टाळायला म्हणून लोक सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि आधीच कमी असलेलं रक्तातलं पाणी आणखी घटतं. पी-व्हॉल्व्ह (सूटमधून लघवी बाहेर सोडणारी झडप) बसवा किंवा डायपर वापरा. लाजून तहानलेलं राहणं परवडत नाही.

वर आल्यावर

गारठलेल्या माणसाला पहिली आठवण होते ती कढत पाण्याच्या शॉवरची. थांबा. थंड ऊतकांत वायू जास्त विरघळलेला राहतो. कातडी एकदम तापवली की त्याची विद्राव्यता घटते आणि रक्त तो वाहून नेण्याआधीच तिथे बुडबुडे होऊ शकतात. वर आल्यावर पहिल्या तास-दीड तासात शिरांमधले बुडबुडे साधारण सर्वाधिक असतात. नेमक्या त्याच वेळात शॉवर, सॉना किंवा कढत पाण्याचा टब नको. वारा लागणार नाही अशी जागा, ओलं सगळं काढून कोरडे थर, टोपी, कोमट पेय, आणि स्वस्थ बसणं. टाक्या दुसऱ्याने उचलाव्यात. फार गारठला असाल तर बाहेर आल्यावरही काही काळ शरीराच्या आतलं तापमान उतरतच राहतं, त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणत लगेच गाडी चालवायला बसू नका. त्याच दिवशी दुसरा डायव्ह असेल तर अंग पूर्ण तापल्याशिवाय, आतला थर कोरडा बदलल्याशिवाय उतरायचं नाही. हुडहुडी थांबली म्हणजे अंग तापलं असं नाही.

नोंदवहीत मी आता खोली आणि वेळेच्या खाली एक वेगळी ओळ लिहितो. मागच्या डायव्हची अशी आहे: "तळ ५ अंश, ६ मीटरवर ४. जॅकेट तळाशी बंद, निघण्याआधी चालू. घाम नाही. थंडी ४१व्या मिनिटाला, फक्त डावा अंगठा. हुडहुडी नाही. वर आल्यावर काही नाही." डाव्या मोज्यात हवा भरून बादलीत धरला, तर अंगठ्याच्या शिवणीतून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. चिकटवलाय, उद्या सकाळपर्यंत वाळेल.